चार मुलांना घराबाहेर काढताना

चार मुलांना घराबाहेर काढायला मला तीन महिने लागले. घर कागदावरचं, मुलंही कागदावरचीच, तरी लागले.

पुण्याच्या एका प्रकाशनातल्या संपादकबाईंनी मला एक जुनी किशोर कादंबरी आजच्या मुलांसाठी नव्यानं लिहून द्यायला सांगितली होती. पाचवीत असताना मी ती शाळेच्या कपाटातून आणून आठ वेळा वाचलेली. सुट्टीत मामाच्या गावी आलेली चार भावंडं, गावाबाहेरची बंद पडलेली कापसाची जिनिंग, देवळातून नाहीशी झालेली मूर्ती, आणि शेवटी मोठ्यांच्या आधी चोरांपर्यंत पोचलेली मुलं. लेखक केव्हाच वारले होते आणि त्यांच्या घरच्यांची परवानगी होती. बाईंनी काय काय बदलायचं ते फोनवर सांगितलं. भाषा सोपी करा, मुलींना नुसतं डबे भरायला ठेवू नका, त्यातल्या लंगड्या माणसाची टिंगल काढून टाका, आणि मोबाइल आणा. मुलं आजची वाटली पाहिजेत, हे त्या तीनदा म्हणाल्या.

मी हो म्हटलं. महिनाभराचं काम असेल असं वाटलं होतं.

जुन्या पुस्तकात तिसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्याच पानावर मुलं फडक्यात भाकरी-ठेचा बांधून निघतात आणि दिवेलागणीला परत येतात. मधल्या वेळात कुठं होता रे, असं त्यांना कुणीही विचारत नाही. लहानपणी मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं, कारण मलाही कुणी विचारत नसे. आता लिहायला बसले तर मुलं सकाळी नऊला निघायची आणि साडेनऊला त्यांच्या आईचा पहिला फोन यायचा. मग मी फोनची बॅटरी संपवली. तर दुसऱ्या मुलाचा फोन चालू होता. रेंज घालवली, तर आता कुठल्या गावाला टॉवर नाही? फोन घरी विसरला असं लिहिलं, तर मलाच ते पटेना, आजकालची पोरं जेवण विसरतील पण फोन नाही. माझ्या कच्च्या खर्ड्यातल्या आया इतक्या जागरूक झाल्या होत्या की चोरांनी अख्खं देऊळ उचलून नेलं असतं तरी मुलं घरात बसून होमवर्क करत राहिली असती.

हे सगळं मी लिहीत होते लातूरला, एका खोलीत. आमचं घर नांदेडला. नवऱ्याचं तिथं पाइप-मोटारींचं दुकान आहे आणि मी एका शाळेत मराठी शिकवायचे. पण आमच्या भागात लेकरू दहावी झालं आणि त्यानं डॉक्टर व्हायचं ठरलं (त्यानं ठरवलं असं मी म्हणत नाही, ठरलं) की आईनं सामान बांधून लातूरला खोली करायची आणि दोन वर्षं त्याला रांधून घालायचं, हा आता रिवाजच झाला आहे. मीही बिनपगारी रजा टाकून आले. दोन वर्षं झाली, लेकीला नीटमध्ये मार्क कमी पडले, आणि सगळ्यांनी मिळून तिनं रिपीट करायचं असं ठरवलं. शाळा आणखी रजा देईना. मी राजीनामा लिहून दिला आणि तिसऱ्या वर्षाला बसले. लेक बसली, असं म्हणायला हवं खरं तर. पण त्या इमारतीतल्या आम्ही सगळ्या आया ‘आमचं फिजिक्स कच्चं आहे’ असंच बोलायचो.

खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्यातून हात बाहेर काढला की शेजारच्या इमारतीच्या भिंतीला लागायचा. पाणी कधी येईल याचा नेम नव्हता. घरमालकीण काकू जिन्यातून ओरडायच्या, ‘पानी यायलंय गं’, की हातातलं टाकून पळायचं, म्हणून कुठं लांब जायची सोय नव्हती. पोरी घरात असताना मिक्सर लावायचा नाही, टीव्ही कुणी आणायचाच नाही, फोनवर हळू बोलायचं. आम्ही आया भांडायचोसुद्धा दबक्या आवाजात. नवरा रोज दुकान बंद करून फोन करायचा. माणूस वाईट नाही. सकाळी कपाळाला विभूती लावल्याशिवाय दुकानाची चावी हातात घेत नाही, कुणाला उणा शब्द बोलत नाही. पण त्या सगळ्या काळात त्याचा पहिला प्रश्न बदलला नाही, संडेच्या टेस्टला किती पडले. आणि मी दिवसातून एकदा तरी बहिणीला, नाहीतर शाळेतल्या मैत्रिणीला फोन लावून सांगायचे की पोरीपायी मी इथं अडकून पडले आहे. ते सांगितल्यावर मला जरा बरं वाटायचं, हे कबूल करायला हवं.

क्लासला आणि अभ्यासिकेला पोरींच्या गळ्यात कार्ड असतं. अभ्यासिका म्हणजे एक थंडगार हॉल, प्रत्येकाला नंबराचं टेबल, तिन्ही बाजूंना फळ्या, आत बोलायचं नाही आणि फोन सायलेंटवर ठेवायचा. दारातल्या यंत्राला कार्ड लावलं की आईच्या फोनवर मेसेज येतो, आपली पाल्य आत आली. निघताना पुन्हा लावलं की आपली पाल्य बाहेर पडली. शिवाय तिचा फोन कुठं आहे ते माझ्या फोनवर नकाशात दिसायचं. मी चपात्या लाटता लाटता तो निळा ठिपका बघायचे. ठिपका जागेवर असला की मी निर्धास्त लिहायला बसायचे.

तिसऱ्या प्रकरणावर असं डोकं आपटून झाल्यावर एका संध्याकाळी जेवताना मी लेकीला विचारलं. तिनं ती जुनी कादंबरी तोवर वाचून काढली होती, दोन दिवसांत, बायोलॉजीच्या पुस्तकात घालून. कितीतरी दिवसांनी तिनं अभ्यासाबाहेरचं काही वाचलं म्हणून मी रागावले नव्हते. मी म्हटलं, समज, तुला एक दिवस कुणालाही न कळता गायब व्हायचंय, कशी होशील?

तिनं घास गिळला आणि वर न बघता सांगितलं.

“कार्ड मैत्रिणीकडं द्यायचं. ती आत जाताना दोन्ही कार्डं लावते. फोनही तिच्याकडंच. ती तो तुझ्या टेबलावर चार्जिंगला लावते, खुर्चीवर स्वतःची सॅक ठेवते, म्हणजे कुणी बघितलं तर वाटतं पोरगी पाणी प्यायला गेलीय. फोन लागला तर कुणी उचलणारच नाही, हॉलमध्ये उचलायचाच नसतो. मेसेज आला तर मैत्रीण लिहिते, ‘वाचायलेय, नंतर बोलते.’ संध्याकाळी सातला पुन्हा दोन्ही कार्डं. झालं.”

टाळी वाजवायची तेवढी राहिली. ताट तसंच ठेवून वही काढली आणि सगळं उतरवून घेतलं. सॅकचं तर मला फारच आवडलं. मी तिला म्हटलं, तू डॉक्टर नाही झालीस तरी लेखक होशील. ती हसली नाही. तेव्हा मला तेही खटकलं नाही.

चौघांना मी मामाच्या गावातून उचलून तालुक्याला आणलं, सुट्टीच्या क्लासला घातलं, गळ्यात कार्डं अडकवली, आणि सगळ्यांत धाकटीला अभ्यासिकेत चार सॅक सांभाळत बसवलं. बाकीचे तिघं मागच्या गल्लीतून जिनिंगकडं पळाले. प्रकरण चार दिवसांत झालं. संपादकबाईंचा फोन आला, हे तुम्हाला सुचलं कसं, अगदी घडल्यासारखं वाटतंय. मी म्हटलं, आम्ही लातूरला राहतो ना. शाळेत इतकी वर्षं मी पोरांच्या थापा चेहऱ्यावरून ओळखल्या होत्या. पण इतका बारीक तपशील बसल्या जागी कुणाला कसा सुचेल, हा प्रश्न मला पडला नाही. प्रकरण अडलं होतं आणि ते सुटलं, यातच मी खूश होते.

गुरुवारी सकाळचा क्लास नसायचा. पोरगी नऊलाच अभ्यासिकेला जायची ती सातला यायची. अशाच एका गुरुवारी ती चष्मा विसरून गेली. चष्म्याशिवाय दिवसभर काय वाचणार, म्हणून मी तो रुमालात गुंडाळून निघाले. अभ्यासिकेच्या दारातल्या मुलीनं कॉम्प्युटरमध्ये बघून सांगितलं की आत आहे, नऊ सातला आली. मी काचेतून आत डोकावले. तिच्या टेबलावर तिचा जांभळ्या कव्हरचा फोन चार्जिंगला लावलेला होता. खुर्चीवर सॅक होती, आणि ती सॅक तिची नव्हती.

काळजात धस्स झालं असं लिहायची सवय आहे, पण तसं झालं नाही. मला आधी वाटलं की हे मी कुठंतरी वाचलंय. मग लक्षात आलं की वाचलं नाही, लिहिलंय.

तिची मैत्रीण मला बघून बाहेर आली. पोरीचा चेहरा उतरला होता. ती काही बोलायच्या आत मीच म्हटलं, पाणी प्यायला गेली असेल, हा चष्मा दे तिला. ती मान हलवून आत गेली. मी खोलीवर आले. दिवसभर तो निळा ठिपका अभ्यासिकेवर होता आणि मी त्याच्याकडं बघत बसले होते. सातला मेसेज आला, आपली पाल्य बाहेर पडली. सव्वासातला ती चष्मा घालून आली.

“तू आली होतीस म्हणे.”

मी म्हटलं, हो, तू पाणी प्यायला गेली होतीस ना. ती हो म्हणाली आणि हातपाय धुवायला गेली. खोटं मीच तयार करून तिच्या हातात दिलं होतं, तिनं नुसतं घेतलं. नवऱ्याचा फोन आला तेव्हा मी त्यालाही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तो पहाटेच्या गाडीनं आला असता, आणि मग काय झालं असतं ते मला ठाऊक होतं. तो आरडाओरडा करत नाही. तो समोर बसून रडतो, आणि ते पोरीला सहन होत नाही.

तो आठवडा मी कसा काढला ते सांगता येत नाही. चौथं प्रकरण समोर होतं, त्यात मुलं चोरांच्या मागावर निघतात. एक ओळ उतरेना. कोण असेल, हे एकच डोक्यात. एखादा पोरगा असावा, असं मी शेवटी मनापासून म्हणू लागले. पोरगा निघाला तर काय करायचं हे आयांना पाठ असतं, ओरडायचं, रडायचं, फोन काढून घ्यायचा. दुसरं काही निघालं तर काय करायचं, ते मला माहीत नव्हतं.

पुढच्या गुरुवारी मी तिच्या मागावर गेले. सांगायला लाज वाटते. उन्हासाठी सगळ्या पोरी बांधतात तसा तोंडाला स्कार्फ बांधला, गॉगल लावला, आणि पन्नाशीला आलेली बाई भिंतीच्या कडेकडेनं निघाले. कोपऱ्यावरच्या रसवंतीपाशी तिनं मैत्रिणीला कार्ड आणि फोन दिला, शेअरिंगच्या रिक्षात बसली. मी मागच्या रिक्षात. ती बसस्टँडवर उतरली आणि नांदेडच्या गाडीत चढली. गाडीला चिक्कार गर्दी होती. ती पुढं खिडकीपाशी, मी सगळ्यात मागं दोन गोण्यांच्या मध्ये उभी. घरी जायलीय, मला वाटलं, बापाला भेटायला जायलीय. चाकूर मागं पडलं तेव्हा माझी खात्रीच झाली, आणि खरं सांगायचं तर मनातून मी आनंदले. दिवसभर तरी नांदेड बघायला मिळेल, हा विचार पोरीच्या काळजीच्या आधी आला.

ती अहमदपूरला उतरली.

अहमदपूर म्हणजे लातूर आणि नांदेडच्या बरोबर मधलं. तिथं आमचं कुणी नाही. मी घाईनं उतरून रसाच्या गाड्याआड उभी राहिले. ती फलाटासमोरच्या बाकावर बसली. कुणी आलं नाही, कुणाला यायचंही नव्हतं, कारण तिनं एकदाही इकडंतिकडं बघितलं नाही. वीसेक मिनिटांनी नांदेडची दुसरी गाडी लागली. ती उठून दारापर्यंत गेली, लोक चढेपर्यंत थांबली, आणि परत येऊन बाकावर बसली. मग तिसरी गाडी लागली, तेव्हाही तेच. तिला काही होईल, ती काही वेडंवाकडं करून बसेल, अशी भीती मला पूर्ण आठवडाभर होती, आणि आता ती अशी डोळ्यांसमोर धडधाकट बसली होती. मी जाऊन तिच्या शेजारी बसले आणि स्कार्फ सोडला.

ती दचकली नाही.

“चष्म्यावरून कळलं?” तिनं विचारलं.

मी हो म्हटलं.

मी दोन चहा आणले. ओरडायचं नाही एवढंच ठरवलं होतं, पुढचं काही ठरलं नव्हतं. तिला विचारलं, किती दिवसांपासून. ती म्हणाली, रिपीटला बसल्यापासून, बहुतेक गुरुवारी. इथं काय करतेस, तर काही नाही, बसते. मग मी विचारलं की इथपर्यंत येतेस तर पुढं नांदेडला का जात नाहीस, एवढं वाटतं तर घरी का येत नाहीस. पुढचं तिनं सांगितलं ते जसंच्या तसं लिहिते. तिला हे सगळं वाचायला दिलं होतं आणि तिनं दुसरीकडचं एक वाक्य काढायला लावलं, इथलं नाही.

“घरी कुणाकडं जाऊ, मम्मी? तू तिथं खोलीत बसलेली असतेस. नोकरी सोडून. मी गेले तर तुझं काय करायचं, तेच मला कळत नाही. तू लातूरला नसतीस तर मी पहिल्याच महिन्यात निघून गेले असते. नाहीतर राहिले असते, आणि अभ्यास केला असता. मला खरंच माहीत नाही. दर गुरुवारी मी हेच बघायला येते की मला गाडीत बसावं वाटतं का, आणि दर वेळी तुझा डबा आठवतो.”

मी चहाचा कागदी कप हातात दाबत होते. मला आधी राग आला. मी तुझ्यासाठी काय काय सोडलं, हे वाक्य ओठांपर्यंत आलं आणि ते बोलायच्या आत मला कळलं की तीही तेच म्हणायलीय. अडीच वर्षं मी ज्याला त्याला फोनवर सांगितलं की पोरीनं मला इथं अडकवलंय. तिच्याकडं असं सांगायला कुणी नव्हतं, म्हणून ती अहमदपूरच्या बाकावर येऊन बसत होती.

मी म्हटलं, चल, दोघी नांदेडला जाऊ, आजच. पप्पांना मी सांगते.

तिनं मान हलवली. “दोघी नको. तू जा. तू गेलीस की मग मला कळेल, मला राहायचंय का ते.”

आणि मला जाणंच नको झालं. अडीच वर्षं जी बाई नांदेडच्या नावानं झुरत होती, त्या मला एकाएकी सगळं आठवायला लागलं. पाणी आलं तर भरायला कुणी नाही, चादरी भिजत घातल्यात, तिला रात्री उशाशी गरम पाणी लागतं, एकटी पोरगी, परीक्षा तोंडावर. मी हे सगळं तिला सांगितलंही. ती ऐकून घेत होती. चादरी मी धुईन, म्हणाली. काकू आहेत खाली, म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, आणि त्या आवाजात अडीच वर्षांत पहिल्यांदा मला शिकवणारं कुणीतरी होतं.

नांदेडची गाडी लागली तेव्हा दुपारचे साडेबारा झाले होते. मी पर्समधून खोलीची चावी काढून तिला दिली आणि गाडीत जाऊन बसले. पलीकडच्या फलाटावर लातूरची गाडी उभी होती, पण ती तिकडं गेली नाही. माझ्या खिडकीखाली येऊन उभी राहिली. ती स्वतः मागून कुठल्या गाडीत बसणार ते तिनं सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. विचारायचं नाही, हे मला बाकावरून गाडीपर्यंतच्या तीस पावलांत कसंबसं कळलं होतं.

कंडक्टर शेजारी आला. “कुठं, ताई?”

“लातूर,” मी म्हटलं.

“अहो ही नांदेडला चालली. लातूरची तिकडं उभी हाय, उतरा लवकर, उतरा.”

सगळी गाडी माझ्याकडं बघायला लागली. शेजारच्या बाईनं मला वाट द्यायला पाय आखडून घेतले. मी खिडकीतून खाली बघितलं. लेकीनं ऐकलं होतं. ती चावी मुठीत धरून नुसती वाट बघत होती.

मी म्हटलं, नांदेडच द्या.

“किती?”

“एक.”